स्प्रिंग बदलण्याआधी काडतुसाची कड पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीतील नेमबाजीच्या सदरात एका वाचकाने विचारले होते, की त्याच्या जुन्या .२२ रिमफायर रिव्हॉल्व्हरमध्ये अधूनमधून नुसता खट् आवाज येतो, बार होत नाही, काय करावे? सदरकारांनी दोन ओळींत निकाल लावला : काडतुसे चांगल्या प्रतीची घ्या, आणि तरीही बार चुकला तर जास्त ताकदीची मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) बसवून घ्या. मी आयुष्यभर आर्मरर म्हणून नेमबाजांची हत्यारे खोलली, पुसली, दुरुस्त केली. आता निवृत्त आहे. म्हणून हे पत्र. उत्तराचा पहिला भाग अर्धा बरोबर आहे, दुसरा उपद्रवी आहे, आणि जे सगळ्यात आधी सांगायचे ते तर राहूनच गेले आहे.

ते आधी सांगतो. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याच्याच दिशेने रोखून अर्धा मिनिट थांबायचे. कधीकधी ठिणगी उशिरा पोचते आणि बार मागाहून होतो. रिव्हॉल्व्हरमध्ये हे थांबणे रायफलीपेक्षा जास्त गरजेचे, कारण पुन्हा चाप ओढला किंवा घोडा (ठोका देणारा मागचा हातोडा) चढवला की काडतुसे भरलेला सिलिंडर फिरतो आणि ते रेंगाळलेले काडतूस नळीसमोरून बाजूला सरकते. तिथे बार झाला तर गोळीला जायला वाट नसते. ती फ्रेमवर आदळते. रेंजवर पाहावे तर नेमके उलटे चाललेले असते. खट् वाजले की बोट लगेच पुढचा चाप ओढून मोकळे! दुसरी गोष्ट, बार झाला पण आवाज फुसका वाटला, तर पुढची गोळी झाडायचीच नाही. हत्यार रिकामे करून नळीत शिसे अडकले आहे का ते आधी बघायचे.

आता मूळ प्रश्न. सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते आणि त्या टोपीच्या पोटात किंवा तिच्या खाली ज्यावर दारू चिरडली जाते ती ऐरण असते. घोड्याच्या जोराने पुढे येणारी पिन हातोड्याचे काम करते, ऐरण काडतूस स्वतःबरोबर घेऊन येते. रिमफायरमध्ये टोपीच नाही. पितळी पुंगळीच्या बुडाची कड आतून पोकळ असते, कारखान्यात त्या पोकळीत ओली स्फोटक लगदी घालून पुंगळी गरागरा फिरवतात, म्हणजे लगदी कडेत सगळीकडे पसरून बसते. पिन त्या कडेवर बाहेरून आदळते, कड चिमटली जाते, ठिणगी पडते. पण चिमटली जाते कशावर? चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतूस बसायच्या भोकाच्या, मागच्या काठावर. म्हणजे इथे ऐरण रिव्हॉल्व्हर पुरवते. हे एकदा ध्यानात घेतले की 'काडतूस खराब की हत्यार खराब' हा वादच निम्मा मिटतो, कारण ठिणगी पाडायला दोघांची भागीदारी लागते. कड काठाला टेकलेली नसेल तर कितीही कडक स्प्रिंग लावा, तो गादीवर खिळा ठोकण्याचा प्रकार होतो.

ही अडचण आजची नव्हे. .२२ शॉर्ट हे काडतूस १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनच्या पहिल्या रिव्हॉल्व्हरबरोबर आले, आज सर्रास वापरात असलेले .२२ लाँग रायफल १८८७ चे. मधल्या काळात मोठ्या बोअरची (रुंद नळीची) रिमफायर हत्यारेही निघाली. १८६० च्या हेन्री रायफलीत आणि स्वित्झर्लंडच्या १८६९ च्या व्हेटर्ली रायफलीत कारागिरांनी पिनला दोन टोके दिली होती, कडेवर एकाच वेळी दोन ठिकाणी ठोका पडावा म्हणून. एका जागी लगदी कमी असली तरी दुसऱ्या जागी काम व्हावे, हा हिशोब. आपल्या हातातल्या .२२ रिव्हॉल्व्हरला मात्र बहुधा एकच टोक असते, आणि त्या एका टोकाखाली जे असेल त्यावर सगळे अवलंबून.

म्हणून माझे सांगणे असे, की न उडालेले काडतूस रागाने फेकून देऊ नका. तोच खरा पुरावा आहे. सिलिंडरच्या चेंबरांवर बाहेरून मार्करने आकडे घाला, आणि जे काडतूस उडाले नाही ते कुठल्या चेंबरातले, घोडा हाताने चढवून झाडलेले की सरळ चाप ओढून, एवढे तिथल्या तिथे लिहून ठेवा. आठवणीवर विसंबू नका. बार चुकलेला माणूस नेहमी शपथेवर सांगतो की सगळीच चेंबरे चुकतात. कागदावर मात्र बहुतेक वेळा काहीतरी आकार दिसू लागतो. बार ठरावीक चेंबरांतच चुकत असेल तर स्प्रिंगला हात लावायचे कारण नाही, कारण स्प्रिंग सगळ्या चेंबरांना सारखीच असते. आकडे वाटेल तसे विखुरलेले असतील तर काडतुसे, स्प्रिंग, पिन, घोड्याची वाट यांच्याकडे बघायचे. घोडा हाताने चढवल्यावर बार होतो आणि नुसता चाप ओढून झाडल्यावर चुकतो, असे असेल तर ठोक्याची ताकद कमी पडते आहे असे समजावे. पुष्कळ रिव्हॉल्व्हरमध्ये अशा नुसता चाप ओढून झाडण्यात, म्हणजे डबल अ‍ॅक्शनमध्ये घोडा मागे कमी जातो, म्हणून ठोकाही हलका पडतो.

मग भिंग घ्या आणि कडेवरची खूण बघा. चांगल्या ठोक्याची खूण कडेच्या अगदी बाहेरच्या काठापासून आत आलेली असते, तळ सपाट, बाजू रेखीव, आणि खोली अशी की नखाला लागते. पिन चपटी असेल तर खूण छिन्नीच्या घावासारखी, गोल असेल तर अर्धचंद्र. आता न उडालेले काडतूस शेजारी धरा. खूण उथळ पण जागेवर असेल, तर ठोका हलका पडला किंवा काडतूस पुढे सरकून त्याने ठोका गिळला. खूण खोल आहे पण कडेऐवजी आतल्या बाजूला, बुडाच्या सपाट भागाकडे पडली आहे, तर पिन किंवा तिचे भोक झिजले आहे, नाहीतर सिलिंडर पुरता जागेवर येण्याआधीच घोडा पडतो आहे. आणि खूण हवी तशी खोल, हवी तिथेच, तरी बार नाही, तर काडतुसाला दोष द्यायला हरकत नाही. हे सगळे बघायला एक भिंग आणि चांगला उजेड पुरतो, आणि सदरकारांनी नेमके हेच सांगितले नाही.

काही अनुभवी नेमबाज न उडालेले काडतूस थोडे फिरवून पुन्हा झाडतात. फिरवल्यावर उडाले तर म्हणतात, कडेत पहिल्या जागी लगदी नव्हती. बऱ्याचदा ते खरेही असते. पण पहिल्या ठोक्याने काडतूस चेंबरात शेवटपर्यंत ढकलले गेले आणि दुसऱ्या ठोक्याला ऐरण मिळाली, असेही होते. म्हणून काही काडतुसे न फिरवता त्याच चेंबरात, त्याच जागी पुन्हा झाडून बघावीत. तशी ती उडत असतील तर संशय चेंबराकडे जातो. याला पुरावा म्हणू नये, इशारा म्हणावे; हलक्या ठोक्याने लगदी भुगा होऊन जागची हलते आणि दुसऱ्यांदा तिथे काहीच पेटत नाही, तेव्हा न उडणे फारसे काही सिद्ध करत नाही.

जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडलेला गुन्हेगार म्हणजे साधी घाण. तीही नळीतली नव्हे, नळी सगळेच घासतात. सिलिंडर बाहेर काढून एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणारा, दांडा दाबा, मागची चांदणी वर येईल. तिच्या खालच्या बाजूला बघा. न जळालेल्या दारूचे कण, शिशाच्या सालपटी, मेण आणि तेल यांचा काळा थर तिथे बसलेला असतो. चांदणी खाली बसताना त्या थरावर बसते आणि तिच्यावर टेकणारी काडतुसेही तेवढीच वर राहतात. .२२ काडतुसाची कड जेमतेम एक मिलिमीटर जाड. कागदाएवढा थर म्हणजे त्याचा दहावा भाग. एवढ्याने कड काठावरून उचलली जाते आणि ठोका पोकळीत पडतो. शिवाय सिलिंडर अडखळत फिरतो तो निराळाच. नायलॉनचा ब्रश आणि टोकदार लाकडी काडी यांनी हा थर निघतो. तेल ओतून तो 'मऊ' करून ठेवणाऱ्यांना मी काय म्हणावे?

चेंबरांच्या आतही असेच. .२२ शॉर्टची पुंगळी आखूड असते. एकाच हत्यारातून शॉर्ट भरपूर झाडली की चेंबरात तिच्या तोंडापाशी शिशा-काजळीचे कडे बसते, आणि मग लाँग रायफलचे काडतूस त्या कड्यावर अडते, कड मागे केसभर उभी राहते. ब्राँझचा ब्रश मागच्या बाजूने घालून प्रत्येक चेंबर घासले की फरक पडतो. ज्या जुन्या सिलिंडरांत काडतुसाची कड आत बुडावी म्हणून खोबण असते, त्या खोबणीचे कोपरे वेगळे कोरून काढावे लागतात. तिथे ब्रश पोचत नाही.

घाण निघाली तरी ठरावीक चेंबरे चुकतच असतील, तर काठ बघा. रिकाम्या रिमफायर रिव्हॉल्व्हरचा चाप ओढत बसण्याची सवय पुष्कळांना असते. पुष्कळ जुन्या हत्यारांत पिनचे टोक काडतूस नसताना थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खळगा पाडते. त्यात दोन तोटे एकदम होतात. दबलेले पोलाद चेंबरच्या आत फुगून येते, काडतूस शेवटच्या केसभर अंतरावर अडते. आणि पिन जिथे रोज पडायची नेमकी तिथेच काठ खचलेला, म्हणजे ऐरण गेली. एक ओळखीचे गृहस्थ असेच एक जुने रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते. काडतुसांचे ब्रँड बदलून झाले होते, कोणा कारागिराने कडक स्प्रिंगही बसवली होती. बार चुकायचा तो चुकतच होता आणि वर चाप इतका जड झालेला की त्यांच्या गोळ्यांचे गट लक्ष्यावर पसरायला लागले. आकडे घालून झाडायला लावले तर चूक शेजारशेजारच्या दोनच चेंबरांत येत होती. निर्जीव डमी काडतूस इतर चेंबरांत आपल्या वजनाने टपकन बसे, त्या दोघांत मात्र अंगठ्याने ढकलावे लागे. काठावर नख फिरवले की उंचवटा लागत होता.

यावर इलाज आहे. चेंबर 'इस्त्री' करायचे अवजार मिळते : कडक पोलादाची, चकचकीत, किंचित निमुळती दांडी. ती चेंबरात घालून आत आलेला उंचवटा दाबत दाबत पुन्हा बाहेर, खळग्याकडे सारतात. त्यात धातू कापला जात नाही, होता तिथे परत नेला जातो, आणि काठही काही अंशी भरून येतो. कानस किंवा रीमर (भोक कापून मोठे करणारे अवजार) लावून उंचवटा खरवडून टाकणारे कारागीर आहेत. त्याने काडतूस बसते खरे, पण चेंबर तिथे मोठे होते, पुंगळी फुगते आणि मग ती बाहेर निघता निघत नाही. त्या गृहस्थांचे दोन्ही चेंबर इस्त्री केले, जुनी स्प्रिंग परत बसवली, आणि बार व्हायला लागला.

सदरकारांची जास्त ताकदीची स्प्रिंग मला म्हणूनच खटकते. ती कधीकधी दोष झाकते, दुरुस्त करत नाही, आणि चाप जड करते. ठोका खरोखर हलका असेल तरी आधी तो का हलका झाला ते शोधावे. साइड प्लेट (फ्रेमच्या बाजूचे झाकण) काढली तर आत पिढ्यान्‌पिढ्यांचे तेल वाळून वॉर्निशसारखे चिकटलेले सापडते. असे हत्यार थंडीत जास्त चुकते, हातात ऊब घेतल्यावर कमी. घोड्याच्या बाजूला एक चकचकीत रेघ दिसली तर तो फ्रेमला घासत पडतो आहे. मुठीच्या लाकडी पट्ट्या बदललेल्या असतील तर त्या आतून स्प्रिंगला टेकत नाहीत ना, तेही बघावे. आणि ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये पानासारखी चपटी मेनस्प्रिंग आहे, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनची जुनी मॉडेल्स, त्यांत मुठीच्या पुढच्या बाजूला स्प्रिंगला ताण देणारा एक स्क्रू असतो. चाप हलका करण्याच्या हौसेने लोक तो सैल करतात, काही महाभाग तर कानशीने घासून आखूड करतात. तो स्क्रू पुरता आवळलेला असलाच पाहिजे. पुष्कळ 'कमजोर स्प्रिंगा' स्क्रूड्रायव्हरच्या एका पिळाने बऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरी जागा सिलिंडरच्या पुढेमागे हलण्याची. हत्यार रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, सिलिंडर बंद ठेवून बोटांनी पुढेमागे ढकलून बघा. जुन्या, भरपूर झाडलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही हालचाल वाढलेली असते. पिनचा ठोका मग आधी सिलिंडर पुढे ढकलण्यात खर्च होतो आणि उरलेला कडेवर पडतो. नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) सिलिंडर मागे रेटून एकदा आणि पुढे रेटून एकदा मोजायची. दोन मापांतला फरक म्हणजे ही हालचाल. इंचाच्या हजाराव्या भागाने एक-दोन असेल तर चिंता नको. जास्त असेल तर आत पातळ वॉशर घालून ती कमी करतात, पण ते काम जाणकार, परवानाधारक कारागिराचे. सिलिंडर जागेवर वेळेत येत नसेल तर तेही त्याच्याचकडे.

पिन झिजली, टोक गोलसर झाले किंवा कपचा उडाला, तर पिन बदलावी. टोक घासून अणकुचीदार करण्याचा उद्योग करू नये. रिमफायरची पुंगळी कडेशी मुळातच पातळ असते, नाहीतर ती चिमटलीच गेली नसती. अणकुचीदार पिन ती भोसकते आणि तापलेला वायू मागे, झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, तो एरवीही हवा.

राहता राहिली काडतुसे. सदरकार म्हणतात त्यात तथ्य आहे : कडेत लगदी सगळीकडे सारखी न पसरल्यामुळे रिमफायर सेंटरफायरपेक्षा जास्त चुकते, आणि ते एका लॉटमध्ये जास्त, दुसऱ्यात कमी असू शकते. म्हणून तुलना करताना एका डब्यातली काडतुसे दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या हत्यारात झाडून बघावीत. तिथेही चुकली तर डबा बाजूला ठेवावा. मात्र काही रिव्हॉल्व्हरबरोबर दोन सिलिंडर येतात, एक लाँग रायफलचा आणि एक १९५९ मध्ये आलेल्या .२२ मॅग्नमचा. मॅग्नमची पुंगळी घेराने मोठी असते. तिच्या सिलिंडरात लाँग रायफलचे काडतूस ढिले बसते, पुंगळी फुगते, फाटतेही. जुने हत्यार कोणाकडून घेतले असेल तर आत कुठला सिलिंडर आहे हे आधी पाहावे. न उडालेली काडतुसे कचऱ्यात टाकू नयेत, घरी खोलून तर मुळीच पाहू नयेत. खुणा बघून झाल्या की रेंजवर त्यांच्यासाठी ठेवलेल्या पेटीत द्यावीत.

आपणास विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत निदान अर्धा मिनिट थांबण्याची सूचना ठळक छापावी. आणि ज्या वाचकाने प्रश्न विचारला होता त्याने कुठले चेंबर चुकते, कडेवर खूण कशी पडते आणि बार घोडा हाताने चढवून, म्हणजे सिंगल अ‍ॅक्शनमध्ये चुकतो की डबलमध्ये, हे तीन तपशील कळवावेत. त्याशिवाय त्याच्या रिव्हॉल्व्हरला काय झाले आहे हे मीही सांगू शकणार नाही, आणि आपल्या सदरकारांनीही सांगायला नको होते.

आपला नम्र,
एक निवृत्त आर्मरर